स्ट्रामा : चिठ्ठ्या मोजणाऱ्या डॉक्टरांची वाटचाल

स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने नावाचा सुपीक प्रांत आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पाळणाघरांतून चांगली खेळती-बागडती मुले घरी पाठवली जाऊ लागली. ताप नाही, खोकला नाही, जेवण व्यवस्थित. पण नाकातून आत, घशाच्या वरच्या भागापर्यंत बारीक बोळा घालून घेतलेल्या नमुन्यात न्यूमोकोकस सापडलेला असे, आणि तो पेनिसिलिनला नीट दाद न देणारा असे. नमुना स्वच्छ येईपर्यंत मुलाने पाळणाघरात पाऊल टाकायचे नाही, असा नियम होता. कधी आठवडे, कधी त्याहून जास्त. आईने किंवा बापाने रजा काढून घरी बसायचे, आणि मूल तर धडधाकट! पालक वैतागत, पाळणाघरातल्या बाई वैतागत, डॉक्टरांनाही या नियमाचे समर्थन करताना जीभ जड होई.

न्यूमोकोकस हा जंतू लहान मुलांचे कान फोडतो, न्यूमोनिया करतो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. पन्नास वर्षे तो पेनिसिलिनपुढे मान टाकत आला होता. त्याने मान वर काढल्याचे स्कोनेत दिसले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दोन बाजूंनी विचार सुरू केला. जंतू पसरू नये म्हणून मुलांना घरी ठेवणे ही एक बाजू. दुसरी बाजू अडचणीची होती : या मुलांना इतके अँटिबायोटिक देते कोण? उत्तर सरळ होते. आपणच.

या प्रश्नातून 1995 साली स्ट्रामा उभी राहिली. लांबलचक स्वीडिश नावाची ही आद्याक्षरे; अर्थ साधारण असा, की अँटिबायोटिक तारतम्याने वापरावे आणि प्रतिरोध कमी व्हावा यासाठी धोरण ठरवणारा गट. उप्साला इथले संसर्गरोगतज्ज्ञ ओटो कार्स हे तिचे मुख्य प्रवर्तक. त्यांच्याबरोबर सिगवार्ड मोल्स्टाड यांच्यासारखे, रोज शेंबडी नाके आणि लाल घसे तपासणारे सामान्य डॉक्टर होते. माझ्या मते संस्थेच्या यशाचे अर्धे श्रेय या दुसऱ्या प्रकारच्या माणसांना आहे. अँटिबायोटिकच्या गैरवापरावर भाषणे देणारे बहुधा मोठ्या हॉस्पिटलांतले असतात. बहुतेक चिठ्ठ्या मात्र गल्लीतल्या दवाखान्यात लिहिल्या जातात.

संस्था शून्यातून उभी राहिली नाही, हेही सांगायला हवे. तिच्या हाताशी दोन गोष्टी आयत्या होत्या.

पहिली गोष्ट आकड्यांची. 1971 ते 2009 या काळात स्वीडनमधली औषध दुकाने एकाच सरकारी कंपनीच्या ताब्यात होती. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नसे, आणि चिठ्ठीवर जे विकले जाई त्याची देशभराची नोंद एका जागी जमा होई. त्यामुळे 1992 साली दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला 560 अँटिबायोटिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, हे तिथे छातीठोकपणे सांगता येत होते. दर दोन माणसांमागे एकाहून जास्त चिठ्ठी! आपण स्वच्छ, शिस्तशीर, समजूतदार देश आहोत अशी समजूत असलेल्या लोकांना हा आकडा झोंबला.

दुसरी गोष्ट गोठ्यातली. डुकरे आणि कोंबड्या भराभर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत जगभर होती. स्वीडनने 1986 साली ती कायद्याने बंद केली. असे करणारा तो पहिला देश. नवल म्हणजे बंदीची मागणी शेतकऱ्यांच्याच संघटनेने केली होती. ग्राहकाचा मांसावरचा विश्वास उडाला तर धंदा बसेल, हा त्यामागचा रोकडा हिशोब होता. सुरुवातीचा काळ जड गेला. आईपासून तोडलेल्या पिलांना हगवण लागू लागली, आणि ती बरी करायला अँटिबायोटिक काही काळ जास्तच लागले. मग पिले उशिरा तोडणे, गोठे कोरडे आणि मोकळे ठेवणे, खाद्य बदलणे असे उपाय करत गाडी रुळावर आली. युरोपीय संघाला अशी पूर्ण बंदी आणायला 2006 साल उजाडले. स्ट्रामा सुरू होण्याआधी नऊ वर्षे शेतकऱ्यांनी आपला वाटा उचललेला होता. आता पाळी डॉक्टरांची होती.

स्ट्रामाने राजधानीत बसून फर्माने काढली नाहीत. देशात एकवीस प्रांत, आरोग्यसेवा प्रांतांच्या हातात. तेव्हा प्रत्येक प्रांतात एक छोटा गट. त्यात साथरोगांची जबाबदारी असलेला प्रांताचा वैद्यकीय अधिकारी, एखादा सामान्य डॉक्टर, संसर्गरोगतज्ज्ञ, प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि औषधनिर्माता. कुठे बालरोगतज्ज्ञ, कुठे कान-नाक-घशाचा डॉक्टर. गटाचे मुख्य काम आरोग्य केंद्रांत जाऊन तिथल्या डॉक्टरांशी बोलणे. बोलण्यासाठी हातात काय, तर त्याच केंद्राच्या चिठ्ठ्यांचा आलेख : तुमच्याकडे दर हजारी इतक्या, शेजारच्या केंद्रात इतक्या, प्रांताची सरासरी इतकी. घशासाठी कोणते औषध, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोणते, खोकल्याला किती वेळा काही दिले आणि खरे तर किती वेळा काही द्यायला नको होते.

अशा बैठकीत पहिला आक्षेप ठरलेला : आमचे पेशंट वेगळे आहेत. कधी ते खरेही असते. म्हणून स्ट्रामाने नुसत्या विक्रीच्या आकड्यांवर भिस्त ठेवली नाही. 2000, 2002 आणि 2005 साली पाच प्रांतांतल्या डॉक्टरांनी नोव्हेंबरातला एक आठवडा, जंतुसंसर्गाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद केली : निदान काय, चाचणी कोणती केली, औषध दिले का, कोणते दिले. आता विक्रीच्या आकड्यामागचा आजारही दिसू लागला. खोकल्याच्या साध्या ब्राँकायटिसला, जिथे बहुतेक वेळा विषाणू कारण असतो आणि अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, तिथेही चिठ्ठ्या फाटत होत्या. डॉक्टरांना हे पुस्तकातून ठाऊक होतेच. पण स्वतःच्या अक्षरात स्वतःच्या पेशंटबद्दल भरलेल्या तक्त्यात ते बघणे वेगळे.

शिक्षा नव्हती, परवाना जाण्याची भीती नव्हती, वर्तमानपत्रात नाव येत नव्हते. सहकारी सहकाऱ्याला विचारत होता, एवढेच. आपल्याकडे अशी गोष्ट सांगितली की लोक हसतात. भीतीशिवाय कोण ऐकतो म्हणतात. स्वीडनमध्ये ऐकले गेले, याला पुरावा आहे. 1995 ते 2004 या काळात दर हजारी चिठ्ठ्या 536 वरून 410 वर आल्या. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांमधली घट तर निम्म्याहून थोडी जास्त होती.

मुलांच्या कानाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे या सगळ्याची खरी कसोटी लागली. रात्री दोन वाजता लहान मूल कान धरून किंचाळते तेव्हा घरातले सगळे शहाणपण गळून पडते. सकाळी डॉक्टरांनी काही ‘स्ट्राँग’ द्यावे हीच अपेक्षा असते. मध्यकर्णाचा दाह मुलांना वरचेवर होतो आणि त्यातला बराचसा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो. 2000 साली स्वीडिश तज्ज्ञांच्या परिषदेने सांगितले, की दोन वर्षांवरच्या मुलाला गुंतागुंत नसलेला कानाचा दाह झाला तर आधी वाट पाहावी. वेदनाशामक द्यावे, मुलाला उशाशी उंच निजवावे, दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत यावे. 2010 मध्ये ही सूचना सुधारली आणि एक ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वाट पाहणे हाच पहिला मार्ग ठरला. कान फुटून वाहत असेल, मूल फार लहान असेल, तर मात्र औषध लगेच. आणि औषध कोणते, तर जुनेपुराणे, स्वस्त, तोंडाने घ्यायचे पेनिसिलिन. घशाला तेच, घरी उपचार होण्याजोग्या न्यूमोनियालाही तेच. जे औषध आपल्याकडच्या दुकानांत आता शोधून सापडत नाही, ते तिथे आजही पहिल्या रांगेत आहे.

वाट पाहण्याने मुलांचे नुकसान झाले का? हा प्रश्न स्ट्रामाने विरोधकांवर सोडला नाही, स्वतःच विचारला. कानामागच्या हाडात पू होणे, टॉन्सिलच्या मागे गळू होणे, अशा गुंतागुंतींचे हॉस्पिटलातले आकडे तपासले गेले. त्यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. एखादा सरकारी कार्यक्रम आपल्याच यशाची अशी उलटतपासणी करतो तेव्हा त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

पण या कौतुकात एक गोष्ट हमखास सुटते. स्वीडनमध्ये मूल आजारी पडले की आई-वडिलांपैकी एकाला घरी राहण्याबद्दल सरकारी विम्यातून भत्ता मिळतो. 1974 पासून हा हक्क दोघांनाही आहे. दोन-तीन दिवस वाट पाहा, हा सल्ला देणे म्हणूनच परवडते. ज्या आईचा रोज बुडला तर संध्याकाळची चूल पेटायची पंचाईत, तिला हाच सल्ला देऊन बघा. तिला उद्या सकाळी कामावर जायचे असते. पुडी ही तिच्यासाठी औषधाइतकीच रजा न काढण्याची सोय असते. कमी चिठ्ठ्यांच्या मागे डॉक्टरांचा संयम आहे तितकीच ही व्यवस्थाही आहे.

संस्था दहा वर्षांची झाली तेव्हा तिला सर्वांत मोठा धक्का घरातच बसला. 2005 साली ओटो कार्स यांच्याच उप्साला शहरातल्या विद्यापीठ हॉस्पिटलात क्लेबसिएला या जंतूची साथ उठली. सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांना तो जुमानत नव्हता. स्कँडिनेव्हियातली अशा जंतूची ही पहिली मोठी साथ. पेनिसिलिनच्या चिठ्ठ्या मोजण्यात सगळे गुंतले असताना हॉस्पिटलांत सेफॅलोस्पोरिनची इंजेक्शने सर्रास दिली जात होती, आणि तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नव्हते. मग हात धुण्यापासून वॉर्डांच्या मांडणीपर्यंत सगळे तपासले गेले. सेफॅलोस्पोरिनचा वापर डॉक्टरांना पटवून, शिकवून झपाट्याने खाली आणला, आणि साथ आटोक्यात आली. स्ट्रामाचा मोहरा इथून हॉस्पिटलांकडे वळला. 2003 पासून ती एका ठरलेल्या दिवशी वॉर्डावॉर्डांत कोणाला कोणते अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे याची पाहणी करत होतीच. आता त्या पाहणीला धार आली.

पुढची काही वर्षे कागदोपत्री बदलांची आहेत, ती लवकर उरकू. 2006 मध्ये सरकारने स्ट्रामाला अधिकृत दर्जा दिला. 2010 मध्ये राष्ट्रीय गट सरकारच्या संसर्गरोग संस्थेत गेला आणि 2014 मध्ये ती संस्था नव्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. प्रांतिक गट मात्र चालूच राहिले. दरम्यान उद्दिष्ट ठरले : दर हजारी 250 चिठ्ठ्या. 2011 ते 2014 या काळात सरकारने या उद्दिष्टाकडे सरकणाऱ्या प्रांतांना जादा निधी दिला. गट स्थापन केलेला असणे ही त्यातली एक अट. पंधरा वर्षे समजुतीवर चाललेल्या कामाला पैशाचे आमिष दाखवावे का, हा प्रश्न मला तेव्हाच्या स्वीडिश सरकारइतका सोपा वाटत नाही. आकडा मात्र हलला. 1992 ते 2016 या काळात एकूण चिठ्ठ्या 43 टक्क्यांनी आणि अगदी लहान मुलांच्या 73 टक्क्यांनी घटल्या.

मग मोबाइलवरचे डॉक्टर आले. घसा न बघता, छाती न ऐकता व्हिडिओवर चिठ्ठी लिहिणाऱ्या कंपन्या 2016-17च्या सुमारास फोफावल्या, तेव्हा स्ट्रामाने लगेच सांगितले, की ज्या आजारात हात लावून तपासणी किंवा चाचणी लागते तिथे पडद्यावरून अँटिबायोटिक देऊ नये. कोविडच्या वर्षांत लोक घरात बसले, एकमेकांचे जंतू घेईनासे झाले, आणि चिठ्ठ्या पहिल्यांदाच 250च्या खाली गेल्या. निर्बंध उठल्यावर आकडा पुन्हा वर सरकला.

इतके करूनही जंतू बाहेरून येत राहिले, आणि इथे आपला संबंध येतो. 2008च्या जानेवारीत एरेब्रो शहरात, दिल्लीतल्या हॉस्पिटलात उपचार घेऊन परतलेल्या भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाच्या लघवीत असा क्लेबसिएला सापडला, की ज्याच्यापुढे कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही लंगडी पडली. त्याच्या प्रतिरोधाचे कारण असलेल्या विकराला संशोधकांनी नवी दिल्लीचे नाव दिले. 2010 मध्ये त्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! संसदेत प्रश्न आले, परदेशी कारस्थान म्हणून झाले, वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा डाव म्हणून झाले. नावाबद्दलची तक्रार रास्त होती, आणि ज्या नियतकालिकाच्या परिवारात या विकरावरचा मोठा लेख आला होता त्याच्या संपादकांनी पुढे नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण नावाच्या भांडणात जंतूची गोष्ट मागे पडली.

त्याच सुमारास उप्सालाच्या डॉक्टरांनी परदेशी निघालेल्या शंभर निरोगी प्रवाशांची जाण्याआधी आणि आल्यावर शौचतपासणी केली. चोवीस जण प्रतिरोधक ई. कोलाय पोटात घेऊन परतले. भारतात जाऊन आलेल्या आठांपैकी सात जण त्यांत होते. आणि 2007 मध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यातून दिवसाला सुमारे 45 किलो सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक वाहून जात होते; अख्खा स्वीडन पाच दिवसांत खातो तितके. ज्या देशाने एकेक चिठ्ठी मोजून वाचवली, त्याच्या औषधांच्या साखळीचे दुसरे टोक आपल्या ओढ्यात होते. ओटो कार्स यांनी 2005 मध्ये रिअ‍ॅक्ट हे आंतरराष्ट्रीय जाळे उभारले ते उगीच नाही. घरापुरते काम पुरत नाही, हे त्यांना आधीच कळले होते.

आपल्याकडची स्थिती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आकड्यांत दिसते. तिच्या जाळ्यातल्या हॉस्पिटलांत कार्बापेनेम गटातल्या इमिपेनेमला दाद न देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण 2016 मध्ये 14 टक्के होते. 2021 मध्ये ते 36 टक्क्यांवर गेले. राष्ट्रीय कृती आराखडा 2017 मध्ये आला. केरळने 2018 मध्ये स्वतःचा आराखडा केला, तसे करणारे ते पहिले राज्य, आणि पुढे तिथे तालुक्याच्या पातळीपर्यंत समित्या पोचल्या. स्ट्रामाच्या प्रांतिक गटांशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे भारतातले काम हेच.

स्वीडनची औषध दुकाने, स्वीडनचा रजेचा भत्ता आपल्याला आणता येणार नाही. चिठ्ठ्या मोजणे मात्र येते, आणि त्याचे साधन दुकानाच्या गल्ल्याशेजारी पडलेले आहे. 1 मार्च 2014 पासून औषध नियमांच्या एच-वन परिशिष्टातली औषधे विकताना केमिस्टने वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असा नियम आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम त्या यादीत आहेत. ही वही आज निरीक्षकाला दाखवण्यापुरती भरली जाते. डॉक्टरांच्या तालुका संघटनांना विनंती आहे, की आपल्या तालुक्यातल्या केमिस्ट मंडळींना बरोबर घ्या, तीन महिन्यांच्या वह्या रुग्णांची नावे झाकून एकत्र करा, आणि पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकासमोर फक्त त्याचा स्वतःचा आकडा आणि तालुक्याची सरासरी ठेवा.